फ्युएल सेलमधून वाया जाणाऱ्या गॅसवर पाणी तापवणं: कॅटॅलिटिक बर्नर पायरीपायरीने

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. हळद शिजवायच्या टाक्या, बेदाण्याच्या शेडचे रॅक, गुऱ्हाळाच्या काहिलींची दुरुस्ती, हे आमचं रोजचं काम. दोन वर्षांपूर्वी एका इंजिनिअरिंग कॉलेजचे सर एक स्केच घेऊन आले. त्यांच्या लॅबमध्ये १ किलोवॅटचा सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन आणि हवेपासून ज्योतीशिवाय वीज बनवणारा संच, होता. "मालक, याच्या एक्झॉस्टमधून हायड्रोजन तसाच बाहेर जातोय. तो जाळून पाणी तापवायचंय. पण ज्योत नको," ते म्हणाले. ज्योत नको आणि जाळायचंय, हे ऐकून आमचा वेल्डर हसला होता. हाच कॅटॅलिटिक बर्नर: यात कॅटॅलिस्ट, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवून आणणारा पदार्थ, गॅस ज्योतीशिवाय जाळतो. पुढच्या चार महिन्यांत आम्ही असे तीन बर्नर बनवले. पहिले दोन आमच्याच चुकांनी गेले, तिसरा चालतोय. त्यातलं जे दुसऱ्याच्या कामी येईल ते आकड्यांसकट इथे लिहितो.

आधी जमाखर्च

फ्युएल सेलला दिलेला सगळा हायड्रोजन तो कधीच वापरत नाही. ७० ते ८५ टक्के वापरतो, उरलेला ॲनोडच्या, म्हणजे इंधनाच्या बाजूच्या, नळीतून बाहेर येतो. हा त्याचा दोष नाही. शेवटच्या थेंबापर्यंत ओढायला गेलं तर स्टॅकच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या सेलच्या गठ्ठ्याच्या, टोकाकडचे सेल उपाशी राहतात आणि खराब होतात. म्हणून उरलेल्या इंधनाचं काय करायचं हे ज्याचं त्याने बघायचं.

किती उरतं ते काढायला एकच आकडा लक्षात ठेवा: एका सेलला एका अँपिअरमागे मिनिटाला ६.९६ मिलिलिटर हायड्रोजन लागतो. सरांच्या स्टॅकमध्ये ३० सेल, प्रत्येकी ०.८ व्होल्ट, म्हणजे २४ व्होल्ट. १००० वॅटला सुमारे ४१.७ अँपिअर. गुणाकार केला की मिनिटाला ८.७ लिटर वापर येतो. वापराचं प्रमाण ७५ टक्के धरलं तर द्यायचा हायड्रोजन ११.६ लिटर, आणि वाया जाणारा २.९ लिटर. हायड्रोजनच्या एका मोलमागे (म्हणजे २२.४ लिटरमागे) २४२ किलोज्यूल धरले, तर हे सुमारे ५२० वॅट होतात. १००० वॅट वीज घेताना ५२० वॅटचं इंधन चिमणीत जातंय. चुलवाणातून एवढी आच बाहेर चालली असती तर गुळव्याने जाळ घालणाऱ्याला हाकलून दिलं असतं.

आता हवा. स्टॅक थंड ठेवायला गरजेच्या पाचपट हवा कॅथोडमधून, म्हणजे हवेच्या बाजूने, जाते, मिनिटाला सुमारे १०४ लिटर. बाहेर येताना तिच्यात साडेसतरा टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. उरलेला हायड्रोजन जाळायला तो भरपूर आहे, वेगळी हवा लागत नाही.

इथे माझी पहिली चूक झाली. ॲनोड आणि कॅथोडचे दोन्ही गॅस बर्नरमध्ये ३०० अंशांना येतील असं मी अंदाजाने धरलं आणि त्यावर पाण्याची कॉइल काढली. सरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "आत येतंय त्यापेक्षा जास्त बाहेर कसं काय जातंय?" स्टॅकला दिलेलं इंधन २०९० वॅटचं. त्यातले १००० वॅट वीज म्हणून गेले, राहिले १०९०. खोक्याच्या भिंतींतून दोनशेच्या आसपास निघून जातात. चिमणीच्या वाटेला फार तर ९०० वॅट. माझ्या हिशोबात ते १२०० होते. परत मांडलं तेव्हा खरं चित्र दिसलं: स्टॅकला जाणारी हवा तापवणाऱ्या एक्सचेंजरमधून निघाल्यावर गॅस १८० अंशांच्या आसपास असतो, बर्नरमध्ये तो सुमारे २१० अंशांनी चढतो आणि ३९० ला बाहेर पडतो. ३९० वरून १२० पर्यंत थंड केला तर ६७० वॅट हाती येतात. बर्नर नसता तर १८० वरून १२० पर्यंत येताना दीडशेही मिळाले नसते. हा जमाखर्च जुळल्याशिवाय पत्र्याला हात लावू नका.

ज्योत का नको

हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेतो. आपल्या मिश्रणात तो भरतो २.६ टक्के. एवढ्या पातळ मिश्रणात साधा बर्नर पेटत नाही, आणि पेटलाच तर लोड जरा हलला की विझतो. विझल्यावर न जळलेला गॅस साठतो, आणि खरी भीती त्याचीच.

प्लॅटिनमला ही मर्यादा नाही. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन ज्योतीशिवाय एकत्र येतात आणि उष्णता सोडतात. ही जुनी गोष्ट आहे. १८१७ मध्ये हम्फ्री डेव्हीने गॅस आणि हवेच्या मिश्रणात प्लॅटिनमची गरम तार धरली, तर ती ज्योत नसताना लाल राहिली. १८२३ मध्ये डोबरायनरने प्लॅटिनमच्या स्पंजवर हायड्रोजन सोडून चक्क लायटर बनवला. कोरड्या, स्वच्छ प्लॅटिनमवर हायड्रोजनची क्रिया खोलीच्या तापमानालाही सुरू होते. कार्बन मोनॉक्साइडला १५० ते २०० अंश लागतात. मिथेन फार हट्टी, त्याला पॅलेडियम आणि चारशेच्या आसपास तापमान हवं.

म्हणून बर्नर बसवायची जागा इंधनावर ठरते. स्टॅकमधून गॅस ७५० ला निघतो. बर्नर स्टॅकला लागूनच ठेवला तर बाहेरचं तापमान ९४० पर्यंत जातं. तिथे पॅलेडियमचा ऑक्साइड टिकत नाही, नेहमीच्या कॅटॅलिस्टचं आयुष्य घटतं, एसएस ३०४ (नेहमीचं स्टेनलेस स्टील) चालत नाही, जास्त उष्णता सोसणारं ३१० घ्यावं लागतं. आणि खरं सांगायचं तर एवढ्या तापमानाला हायड्रोजन मिसळताक्षणी आपोआपच पेटतो. बर्नर एक्सचेंजरच्या नंतर ठेवला तर सगळं काम चारशेच्या आत होतं. शुद्ध हायड्रोजनसाठी मी दुसरी जागाच घेईन. पण बायोगॅस किंवा नैसर्गिक वायूवर स्टॅक चालत असेल आणि मिथेन शिल्लक राहत असेल, तर १८० अंशांचा बर्नर त्याला काहीच करणार नाही. तेव्हा गरम जागाच घ्यावी लागते.

हनीकोंबचं माप

कॅटॅलिस्ट मधाच्या पोळ्यासारख्या सिरॅमिक ठोकळ्यावर बसवलेला असतो. ठोकळा कॉर्डिएराइटचा, चौरस इंचाला ४०० भोकं, आत ॲल्युमिनाचा थर आणि त्यात प्लॅटिनमचे कण. गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये असतो तोच प्रकार.

माप काढायची रीत सोपी आहे. ताशी एकूण गॅस भागिले ठोकळ्याचं आकारमान, हा आकडा हायड्रोजनसाठी ३०,००० च्या आसपास ठेवा. आपला गॅस ताशी ६६६० लिटर, म्हणजे ठोकळा सुमारे २२० मिलिलिटरचा. ६० मिलिमीटर व्यास आणि ८० मिलिमीटर लांबी घेतली की झालं. अडथळाही किरकोळ, जेमतेम १० मिलिमीटर पाण्याचा दाब, त्यामुळे स्टॅकवर उलटा दाब येत नाही. हा दाब मात्र कागदावर तपासाच. स्टॅकचं सील नाजूक असतं.

भंगारातल्या गाडीचा हाच ठोकळा, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कापून वापरावा का, असं बरेच जण विचारतात. मी पहिल्या चाचणीला वापरला होता. चालतो, पण त्यात आधी काय बसलंय, किती शिल्लक आहे, काही कळत नाही. शिकायला ठीक, लॅबला देऊ नये.

मिसळण्याची नळी

वाचणारे या भागावरून भरभर जातात. तसं करू नका. एकूण मिश्रणात हायड्रोजन २.६ टक्के असला तरी जिथे दोन गॅस भेटतात तिथे तो २५ टक्केही असतो, आणि तिथून ठोकळ्यापर्यंतच्या वाटेत आग मागे सरकू शकते.

आम्ही ॲनोडचा गॅस एका बंद टोकाच्या नळीतून सोडला. तिला बाजूने १.५ मिलिमीटरची २४ भोकं. त्यातून गॅस सेकंदाला साडेसात मीटर वेगाने सुटतो. ही नळी कॅथोडच्या हवेच्या २५ मिलिमीटर बोअरच्या नळीत मधोमध बसवली. पुढे मिसळायला १८० मिलिमीटर सरळ लांबी, तिथला वेग सहा मीटरच्या वर. हायड्रोजनची ज्योत सेकंदाला दोन-तीन मीटरने पळते, त्यामुळे ती प्रवाहाविरुद्ध मागे येऊ शकत नाही. पहिल्या बर्नरला मी ४० मिलिमीटरची नळी घातली होती, कारण ती शेडमध्ये पडून होती. तिथे वेग अडीच मीटरच्या आतच राहिला.

नळीनंतर शंकू, शंकूच्या तोंडाशी भोकांचा पत्रा, त्यामागे २० मिलिमीटर जाडीचा कोरा, कॅटॅलिस्ट नसलेला हनीकोंब, आणि मग खरा ठोकळा. कोरा तुकडा गॅस सगळीकडे सारखा पसरवतो आणि तापलेल्या ठोकळ्याची धग मागे मिश्रणावर पडू देत नाही. तो वगळायचा मोह होतो, वगळू नका.

कवच आणि कॉइल

कवच एसएस ३१०, २ मिलिमीटर, सगळे जोड आर्गॉन वेल्डिंगचे. खरं तर ३९० अंशांना ३०४ चाललं असतं. ३१० का घेतलं ते पुढे कळेल. ठोकळ्याभोवती सिरॅमिक पेपरचे दोन वेढे द्या. हाताने ढकलून ठोकळा सरकेल इतका सैल नको, हातोडी लागेल इतका घट्टही नको. बाहेरून ५० मिलिमीटर सिरॅमिक वूल. ते कापताना मास्क लावा, त्याचे तंतू छातीत जातात.

थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) के टाइपचे तीन: ठोकळ्याच्या आधी, ठोकळ्यात निम्म्यावर आणि नंतर. मधला वगळून पैसे वाचवू नका. कॅटॅलिस्ट मरायला लागला की त्याची बातमी आधी मधल्यावर दिसते. क्रिया तोंडापासून मागे सरकत जाते, मधलं तापमान उतरतं आणि शेवटचं अजून जसंच्या तसं असतं.

कॉइलचा हिशोब असा. गॅस ३९० वरून १२० ला, पाणी उलट दिशेने २५ वरून ६० ला. सरासरी फरक १८९ अंश येतो. गॅसच्या बाजूने चौरस मीटरला, अंशामागे २५ वॅट धरले तर ०.१४ चौरस मीटर लागतं. १० मिलिमीटरची एसएस ३१६ ट्यूब साडेचार मीटर, मी पाच घेतली. ताशी १६ लिटर पाणी ६० अंशांना मिळतं. आठ तासांत साधारण १३० लिटर. हळदीच्या टाकीपुढे हे काहीच नाही. पण सरांच्या लॅबला पुरतं, आणि १०० किलोवॅटचा स्टॅक असेल तर याच हिशोबाला शंभरने गुणा.

पाणी उघड्या टाकीला जोडा, बंद लाइनला कधीच नाही. प्रवाह थांबला तर कॉइलमध्ये वाफ होते आणि तिला वाट हवी. बोअरचं जड पाणी थेट घालू नका, सहा महिन्यांत क्षाराने कॉइल बुजेल. आणखी एक गोष्ट: या एक्झॉस्टमध्ये साडेदहा टक्के वाफ असते, ती ४७ अंशांच्या खाली पाणी होऊन टपकते. थंड पाणी शिरतं त्या टोकाला हे होणारच. कॉइल ठोकळ्याच्या खाली ठेवा आणि तळाला ड्रेन द्या, म्हणजे थेंब ठोकळ्याकडे जाणार नाहीत.

लोड गेला तर

आमचा दुसरा बर्नर इथेच गेला. दुपारची वेळ, सगळं नीट चाललेलं, मधला थर्मोकपल ३७० दाखवत होता. सरांच्या इलेक्ट्रॉनिक लोडचा एमसीबी पडला आणि करंट शून्य झाला. पण हायड्रोजन चालूच होता, मिनिटाला ११.६ लिटर. आता तो स्टॅकमध्ये वापरला जात नव्हता, सगळाच्या सगळा बर्नरकडे. ५२० वॅटचे झाले २०९० वॅट, आणि २.६ टक्क्यांचे झाले १० टक्के. मीटरवरचा आकडा सेकंदाला दहा-बारा अंशांनी पळायला लागला. ४५०, ५२०, ६००. पोरगा तिथेच उभा होता, त्याला काय बंद करावं कळेना. मी धावत जाऊन जादा हवेचा ब्लोअर पूर्ण सोडला. तोवर साडेसातशे झालं होतं. थंड हवा तापलेल्या ठोकळ्यावर आदळली आणि आतून टक् असा आवाज आला. बारीक आवाज, बांगडी पिचावी तसा. उघडला तर ठोकळा मधोमध आडवा तडकलेला.

हिशोब केला तर त्या अवस्थेत गॅस हजार अंशांच्या जवळ गेला असता. म्हणून कवच ३१० चं. बर्नर रोजच्या ३९० साठी बांधायचा नसतो, लोड पडल्यावरच्या त्या मिनिटासाठी बांधायचा असतो.

आता आमच्याकडे असं आहे. करंटवर एक रिले आहे. करंट ठरलेल्या पातळीखाली गेला की दोन सोलेनॉइड (विजेवर उघडझाप होणारे व्हॉल्व्ह) एकदम हलतात: हायड्रोजनचा बंद होतो आणि ५ टक्के हायड्रोजन असलेल्या नायट्रोजनचा उघडतो. इंधन पूर्ण तोडता येत नाही, कारण गरम स्टॅकमधलं निकेल हवेने परत ऑक्साइड होतं, फुगतं आणि सेल फुटतात. ५ टक्क्यांच्या मिश्रणाने निकेलही सांभाळलं जातं आणि बर्नरवर जेमतेम शंभर वॅट येतात. हायड्रोजनचा सोलेनॉइड असा घ्या की वीज गेली की आपोआप बंद होईल, मिश्रणाचा असा की वीज गेली की उघडेल. आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा ब्लोअरला यूपीएस हवाच. दुसरी कडी तापमानाची: मधला थर्मोकपल ६०० ओलांडला की तेच दोन सोलेनॉइड हलतात. आणि थंड हवा एकदम सोडायची नाही, हे मी भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय.

सुरू करायची रीत

ब्लोअर आधी, गॅस नंतर, हा क्रम कधीच उलटा नाही. आतली जागा पाचदा भरून निघेल इतकी हवा जाऊ द्या. हवेच्या नळीवर ५०० वॅटचा हीटर ठेवा आणि ठोकळा १५० च्या वर न्या. प्लॅटिनमवर हायड्रोजन थंडीतही जळतो, मग हीटर कशाला? कारण ॲनोडच्या गॅसमध्ये तीन चतुर्थांश वाफ असते. थंड ठोकळ्यावर ती पाणी होऊन बसते, भोकं ओली होतात, आणि गॅस कॅटॅलिस्टपर्यंत पोचतच नाही.

मग थोडा हायड्रोजन सोडा आणि मधला थर्मोकपल बघा. मिनिटभरात तो वर निघाला नाही तर गॅस बंद करून हवेने धुवा आणि कारण शोधा. "अजून जरा सोडून बघू" हे करायचं नाही.

गळती साबणाच्या पाण्याने बघा, प्रत्येक जोड. हायड्रोजन वर जातो म्हणून सेन्सर छताच्या सर्वांत उंच जागी लावा आणि तिथे उघडी फट ठेवा. त्याची ज्योत दिवसा दिसत नाही, हाताने चाचपायला जाऊ नका. हायड्रोजनचा सिलेंडर लाल असतो, त्याचा आटा उलटा असतो. साठवण गॅस सिलेंडर नियम २०१६ मध्ये येते आणि त्याची परवानगी ज्यांच्याकडून घ्यायची त्या पेसोचं (केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचं) मुख्यालय नागपूरला आहे.

कॅटॅलिस्ट कशाने मरतो

गंधक हा उघड शत्रू. आपल्याकडे साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत स्पेंट वॉशपासून बायोगॅस होतो, त्यात हायड्रोजन सल्फाइड भरपूर असतो. तो आधी लोहऑक्साइड आणि कोळशाच्या फिल्टरने काढायला लागतो. स्टॅकलाच तो सोसत नाही, त्यामुळे बर्नरपर्यंत सहसा पोचत नाही.

मला बाधलं ते दुसरंच. पहिल्या बर्नरच्या पुढच्या फ्लँजला घाईत लाल सिलिकॉन गॅस्केटची पेस्ट लावली होती. इंजिनाला लावतात तीच. तीन आठवड्यांत ठोकळ्यातली चढण २१० वरून १५० अंशांवर आली आणि चिमणीतला हायड्रोजन सेन्सर वाजायला लागला. तापलेल्या पेस्टमधून सिलिकॉनची वाफ निघते, ती कॅटॅलिस्टवर जळून वाळूचा पातळ थर बसतो. उघडल्यावर तोंडाशी पिठासारखा पांढरट लेप होता. तो धुऊन निघत नाही. आता फक्त ग्रॅफाइटची गॅस्केट, आणि ब्लोअरच्या आधीच्या जोडालाही सिलिकॉन नाही.

तो मेलेला ठोकळा मी विट्याच्या एका पाहुण्यांना दाखवला. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांसारखा त्यांच्या घरीही गलाईचा धंदा आहे, सोनं-चांदी गाळण्यात हयात गेलेली. त्यांनी तो हातावर तोलला, उजेडाकडे धरून भोकांतून बघितलं आणि विचारलं, "यात पलाटीन किती?" लिटरला एक-दीड ग्रॅम, म्हणजे यात पाव ग्रॅमच्या आसपास, आकाराने ज्वारीच्या एका दाण्याएवढंही नाही, मी म्हणालो. त्यांनी ठोकळा परत माझ्या हातात ठेवला. "असले शंभर जमले की सांगा."